बारा नळ्यांची झाकणं

प्रिय चिमणे,

तुझी आई म्हणते, फोन करा, पत्र कशाला. फोनवर माझी जीभ टाळूला चिकटते. या महिनाअखेर तू प्रयोगशाळेचं काम सोडणार, हे ऐकल्यापासून माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडतंय. तुझ्या मोठ्या बाई म्हणाल्या म्हणे, "तुझा हात या कामाचा नाही." तेवढ्यावरून आठ वर्षांचं शिक्षण गुंडाळून ठेवायचं? मी सातवी नापास माणूस, तुला काय शिकवणार. तरी चार ओळी वाच.

तू सहा वर्षांची असताना खानावळीच्या भटारखान्यात माझ्याशेजारी स्टुलावर बसायचीस. वाढपी चिठ्ठी आणून खिळ्याला अडकवायचा आणि पदार्थ बाहेर गेला की ती फाडायचीस तू. एकदा तुला ताप होता. जुनी चिठ्ठी खिळ्यावरच राहिली आणि मी गेलेल्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा चार सूप केली. मालक म्हणाला, "आचारी, आता तुम्हीच प्या!" प्यायलो. दोन दिवस पोट धरून बसलो होतो.

म्हणून मागच्या महिन्यात तुझ्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा तू जंतूंच्या चिठ्ठ्यांचं सांगितलंस ते माझ्या डोक्यात चटकन शिरलं. जंतूच्या पोटात मोठी वही असते, तिच्यातलं लागेल तेवढंच चिठ्ठीवर उतरवतात. आणि घाई केवढी! चिठ्ठी लिहून पुरी व्हायच्या आत आचारी ती वाचून कामाला लागतात. दोन-चार मिनिटांत एक कात्री येऊन तिचे तुकडे करते, मग बाकीच्या बारीक कात्र्या ते तुकडे कुरतडतात आणि त्याच कागदाची नवी चिठ्ठी होते. मी म्हणालो, केवढी ही नासाडी. तू हसलीस. "बाबा, फाडली नाही तर तो बिचारा कालचंच सूप करत बसेल." दर मिनिटाला किती चिठ्ठ्या उरतात ते मोजायचं, हे तुझं काम. तीन महिने खपून तू वेचलेल्या चिठ्ठ्या बर्फावर ठेवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या बारा नळ्यांत होत्या. मला अभिमान वाटला.

गेल्या आठवड्यात तू फोनवर रडलीस. बाराही नळ्यांत नुसता चुरा. पहिली नळी अगदी सुरुवातीच्या क्षणाची, तिच्यात तरी सगळ्या चिठ्ठ्या धड हव्या होत्या, पण तिच्यातही चुराच. माणसाच्या बोटांवर असं काही असतं की ते चिठ्ठी टिकू देत नाही, म्हणून तर हातमोजे, असं तू म्हणालीस. "माझ्याकडूनच कुठेतरी हात लागला असेल, बाबा." मग तू विचारलंस, "बाबा, आहात ना?" दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला. चिमणे, शेगडीवर दूध नव्हतं.

मी प्रयोगशाळेत आलो होतो त्या दिवशी बाईंनी तुला बाहेर बोलावलं. जाताना तू बजावलंस, "कशाला हात लावू नका हं." पण नळ्यांची झाकणं उघडी होती. चाळीस वर्षं भटारखान्यात काढलेल्या माणसाला उघडं भांडं बघवत नाही. आत पाणी साचलंय असं वाटून मी प्रत्येक झाकण आतून अंगठ्यानं पुसलं, मिठाच्या डबीचं पुसतो तसं, आणि दाबून लावलं. बाराही. तू आलीस आणि म्हणालीस, "अरे, मी लावली होती वाटतं." तेव्हाच सांगायला हवं होतं. तू रागावशील म्हणून गप्प बसलो. मोजे तुला जंतूंपासून जपायला असतात अशीच तेव्हा माझी समजूत होती. तुझा हात चांगलाच आहे, पोरी. हात माझा लागला. राजीनामा देऊ नकोस. आणि ही चिठ्ठी रागाच्या भरात फाडू नकोस. आधी बाईंना वाचायला दे. त्यांची वाचून झाली की मग खुशाल फाड.

तुझाच,
बाबा