वीस टक्के गेले, वीस आले, ब्लाउज अडकला

चि. दिनेश,

मंगळवार, दोन डिसेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, रिसोडच्या बाजारात शाजियाच्या शिलाईच्या दुकानात, तुझ्या आत्याचे दोन्ही हात ब्लाउजच्या बाह्यांत अडकून हवेत राहिले. वेळ अचूक आहे. समोरच भिंतीवर घड्याळ होतं आणि मान दुसरीकडे वळत नव्हती.

असो, आधी आशीर्वाद घे. घसा बरा आहे ना? (क्लासमध्ये दिवसाला आठ तास गणिताचे शॉर्टकट ओरडणाऱ्याचा घसा बरा राहतो कसा, मला नवल आहे.) वहिनींना नमस्कार. तुझ्या बहिणीला, सुप्रियाला सांग, साखरपुडा होईपर्यंत उन्हात हिंडू नकोस.

आता तुझ्या अपराधाकडे येते. माझ्या ब्लाउजचा कागदी फर्मा अकोल्याच्या मास्तरांनी मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाले त्या वर्षी कापून दिला होता. मास्तर आता शिवत नाहीत, आणि वर्तमानपत्राचा तो कागद विरायला लागला, म्हणून मागच्या वर्षी अरसलानच्या झेरॉक्सवर तो वीस टक्के लहान करून एका पानावर बसवला आणि पेन्शनच्या फायलीत लावला. मूळ कागद वाळवीने खाल्ला (वाळवीला तरी तो नीट बसला असेल). परवा साखरपुड्याच्या हिरव्या साडीचा ब्लाउज शिवायचा म्हणून तुला फोन केला, की वीस टक्के लहान केलेला कागद वीस टक्के मोठा केला तर काय होईल? तू म्हणालास, सोपं आहे आत्या, आधी दोन्ही टक्क्यांची बेरीज कर. वजा वीस, अधिक वीस, शून्य. म्हणजे जसा होता तसा. मी अरसलानला वीस टक्के वाढवायला सांगितलं.

तो म्हणाला, "मॅडम, मशीन तं तुमी सांगसान तेच करते, पन एकदा टेप लावून पाहा ना."

मी म्हटलं, "ज्यांना शॉर्टकट येत नाही ते टेप लावतात."

शाजियाने कापलं, शिवलं, माझ्या अंगात घातलं. म्हणाली, "मॅडम, श्वास सोडा अन् मंग घेऊच नका." टेप निघाली. चाळीसच्या जागी साडेअडतीससुद्धा नाही! अरसलान शेजारच्या दुकानातून हसत आला आणि त्याने पाटीवर दहा चौकोन काढले. दोन पुसले, आठ राहिले. "आता आठाचे वीस टक्के दोन कशे होतील? काढले मोठ्यातून, टाकले लहान्यावर. पंचवीस सांगायचे होते. काहून चिडता?" मी चिडले नव्हते. चिडायला छाती फुगवावी लागते.

रविवारी मुलाच्या आईची ओटी आत्यानेच भरायची. तेव्हा हात वर गेले तर शिवण उसवेल, नाही गेले तर त्या बाई म्हणतील, मुलीची आत्या ताठ दिसते. साडीबरोबरचं कापड तर कापून झालं, दुसरं नाही.

तुझी,
निता आत्या

ता. क. शाजिया म्हणते, काखेखाली दोन्हीकडे पट्टी घालून वाचवता येईल. साडी तुमच्या कारंजातच घेतली होती. त्याच दुकानातून त्याच हिरव्या रंगाचं पाव मीटर कापड घे आणि हे पत्र घेऊन येणाऱ्या गोमतीबाईंबरोबर पाठव. त्यांना चहा पाज.

आणखी ता. क. बेरजेनंतर तू "आणि मग दोन्हींचा गुणाकार, भागिले शंभर" असं काहीतरी म्हणत होतास हे खरं आहे. पण शून्य आल्यावर मी फोन ठेवला होता. हे शाजियाला आणि अरसलानला ठाऊक नाही, आणि होणारही नाही. तरी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, शाजिया पट्टी कापायला घेण्यापूर्वी, तुझं लेखी उत्तर मला हवं. नेमके किती इंच कमी पडले ते त्यात मांड, आणि चूक सर्वस्वी तुझी होती असं खाली सहीनिशी लिही. इंच खरे लिही.