घरात आपली भाषा बंद

४ मार्च, मंगळवार

आजपासून घरात आपली भाषा बंद! नवऱ्याचा नवा फतवा. दाराबाहेर काय बोलायचं ते बोल, आत आलं की फक्त परीक्षेची भाषा. जो चुकेल त्याने रात्रीची भांडी घासायची. म्हणजे भांडी कोणाची हे न सांगताच ठरलं.

कारण सरळ आहे. हिवाळ्याआधी दोघांनी तिकडे परदेशात जायचं, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं शिक्षण घ्यायचं, शिकता शिकता तिथेच काम. त्याचा प्रवेश वेगळा, माझा वेगळा, पण भाषेची परीक्षा दोघांनाही. तो इस्पितळात वॉर्डात कामाला आहे, अभ्यासाची सवय आहे, त्याला जमेल. मी शाळेनंतर तीन ठिकाणी नाव घातलं आणि तिन्ही ठिकाणांहून पळाले.

संध्याकाळभर आम्ही एकमेकांना सांगत होतो — टेबलावर पाव आहे. टेबलावर पाव नव्हता.

६ मार्च, गुरुवार

मालकांचं डोकं आज परत फिरलं. सकाळी म्हणे दुकान बंद करतो, आता कोण फोटो फ्रेम करून घेतं? दुपारी म्हणे चौकटीच्या पट्ट्या कापायचं नवं मशीन घेतो. चहा झाल्यावर म्हणे मुलगी मागे लागलीय, विकून टाका. मी विचारलं, मग मी उद्या येऊ की नको? तर माझ्यावरच चिडले — न येऊन कसं चालेल पोरी, काच कोण कापणार?

म्हणजे नोकरी आहे. उद्यापर्यंत.

भांडी — मी.

९ मार्च, रविवार

क्रियापदं पाठ करायला बसले. समोरच्या इमारतीत एक माणूस एकट्याने कपाट वर चढवत होता. जिन्याच्या वळणावर अडकलं. आडवं करायला हवं होतं, आणि तो उभंच रेटतोय! बघवेना. गेले शेवटी. आडवं केलं, दारं काढली, वर नेलं. मग त्याच्या बायकोने खुर्ची दिली, मग तिच्या भावाची सगळी कहाणी ऐकली.

क्रियापदं राहिली. कपाट मात्र वर गेलं.

१७ मार्च, सोमवार

क्लासमध्ये मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला उभं केलं. तिकडे का जायचंय? सगळ्यांची उत्तरं तयार! कोणाला चांगलं शिक्षण, कोणाला चांगलं भविष्य. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला जायचंय. बाई म्हणाल्या, "ते त्यांचं उत्तर झालं. तुमचं सांगा."

शब्द सापडेनात. येताना बसमध्ये आपल्या भाषेत जुळवून बघितलं, तरी वाक्य पुरं होईना. बाईंचाच राग आला. फी भाषेची घेतात ना, मग भाषा शिकवा!

२५ मार्च, मंगळवार

परक्या भाषेत भांडून बघावं एकदा माणसाने. त्याने माझी वही उचलून ठेवली, कुठे ते आठवेना. मला म्हणायचं होतं, तुझ्या नीटनेटकेपणाने माझा जीव जाणार आहे एक दिवस. म्हणता आलं ते असं — कृपया, तुझी सवय मला आवडत नाही. तो म्हणाला, मला फार वाईट वाटतं, धन्यवाद. पुस्तकात हेच आहे, काय करणार!

मला हसू फुटलं. त्याला नाही. तो काहीतरी सांगायला लागला, अडला, शब्दकोश उघडला, मिटला आणि म्हणाला की आज हवा छान आहे. बाहेर धूळ उडत होती. विचारायला हवं होतं, पण तीन वाक्यांत माझी ताकद संपली होती. झोपले.

५ एप्रिल, शनिवार

ताईचा फोन. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि मी जन्मल्यापासून मला नावं ठेवतेय. घरात बोलायची सोय नाही म्हणून जिन्यात जाऊन बसले. "तू कुठे टिकलीस गं आजवर? त्याच्या मागे जातेयस ना, निदान त्याला तोंडघशी पाडू नकोस."

वरून पायऱ्यांवर आवाज — हा फोनवर त्याच्या आईशी बोलत बसलेला. मला बघून फोन ठेवला. आमचा सगळा संसार हल्ली जिन्यात चालतो. आत फक्त पाव आणि हवा.

१२ एप्रिल, शनिवार

आज मालकांनी मोठी काच माझ्या एकटीच्या हवाली केली. दाराएवढी! एका दमात रेघ मारली, टेबलाच्या कडेवर टेकवून दाबली — टक्. सरळ तुटली. मग चौकट. चारही कोपरे असे बसले की दिव्यापुढे धरून बघितलं तरी फट नाही. उगाच दोनदा धरून बघितलं.

मालक बघत होते. म्हणाले, तू राहणार असशील तर मशीन घेतो, दुकान तूच बघ. जाणार असशील तर कुलूप.

घ्या! म्हणजे आता यांचं दुकानही माझ्या डोक्यावर. सहा नोकऱ्या सोडल्या, कोणी थांब म्हटलं नाही. हीच एक आहे जिथून पळावंसं वाटलं नाही, आणि हीच सोडायची. पण त्याला जायचंय. त्याने एवढं सगळं जमवलंय. चिडचिड नुसती.

२० एप्रिल, रविवार

ऐकण्याचा सराव. दोन माणसं स्टेशनवर भेटतात. पाचव्यांदा ऐकलं. काय बोलतात देव जाणे.

२ मे, शुक्रवार

परीक्षा झाली. लेखी म्हणजे आनंदच. पण तोंडी! परीक्षक बाईंनी चित्र दाखवलं — जिना, सामान, माणसं. वर्णन करा. मी कपाटवाल्यापासून सुरू केलं ते थांबेचना. शब्द नसेल तिथे हात, हात नसेल तिथे आवाज. कपाटाचा आवाजसुद्धा काढला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. शेवटी त्यांनाच थांबा म्हणावं लागलं.

बाहेर आले तर भूक लागलेली, आणि डोक्यात तीच भाषा. एक थांबा आधी उतरून चालत आले, स्वतःशी बडबडत. लोक बघत होते. बघू देत.

१६ मे, शुक्रवार

दोघंही पास! त्याला जास्त गुण, साहजिकच. मालकांना सांगायला धावले. ते छान छान म्हणाले आणि मग बराच वेळ एकच काच पुसत बसले.

घरी आले तर हा दाराबाहेर पायरीवर, बूट घातलेला. मी आत जाऊन त्या भाषेत ओरडणार, तोच म्हणाला, बाहेरच बस, नीट बोलायचंय.

"मला नाही जायचं गं, भिंगरी."

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. म्हणाला, तुझे पाय एका जागी ठरत नाहीत. दोन वर्षं झाली लग्नाला, रोज वाटायचं आता ही निघेल. म्हणून म्हटलं, तू एकटी निघायच्या आत दोघंच निघू.

मी म्हटलं, अरे, मी तुझ्यासाठी मरत होते इतके महिने! तो म्हणाला, माझ्यासाठी? मी आईचं गाव सोडून शेजारच्या गावातसुद्धा कधी राहिलेलो नाही.

मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, सांगणार होतो एकदा, धूळ उडत होती त्या दिवशी, पण एवढं सगळं त्या भाषेत येईना. अरे, मग आपल्या भाषेत सांग! तर म्हणे, घरात बंदी होती ना.

आणि फतवा कोणाचा? जिन्यावरून ढकलायचा बाकी ठेवला मी.

१७ मे, शनिवार

सगळं सुरळीत. मी मालकांना राहते म्हटलं, त्यांनी लगेच मशीनवाल्याला फोन लावला. ताई म्हणाली, सुटलात बाई. हा शीळ घालत भांडी घासतोय. घरात दिवसभर आपली भाषा, कोण काय वाट्टेल ते बोलतंय.

आणि मला कोणी बोलूच नये असं वाटतंय. दुकानात दोनदा कोपरा चुकला. भुसा आणि डिंक भरून रंग दिला. गिऱ्हाइकाला कळणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटापर्यंत नेलं. आता ते कोणालाच नकोय.

मला?

१९ मे, सोमवार

मी जातेय. एकटी. सकाळी त्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे मी उगाच घाबरत नव्हतो.

मी म्हटलं, नाही, उगाच नाही.