तिसऱ्या गाण्यातला आवाज

१७ फेब्रुवारी, रविवार दुपार
वसतिगृह

तीर्थरूप ताई,

तीर्थरूप म्हटलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम. तू, जिजू आणि पिल्लू मजेत असाल. मी ठीक आहे. शेजारणींच्या ओल्या टॉवेलांखाली बसून लिहितेय, तेव्हा कागदावर थेंब दिसले तर रडले-बिडले समजू नकोस.

आधी पराक्रम ऐक. ‘नुसता गळा’ पहिला आला! तू हा गट सुरू केलास तेव्हा एकही वाद्य न घेता पोरी काय गाणार म्हणून सगळे हसले होते. तुम्हाला कसंबसं उत्तेजनार्थ मिळालं, तर ते तुम्ही आठवडाभर मिरवलंत. यंदा सगळ्या कॉलेजांत पहिला नंबर. प्राचार्यांना एकाएकी आठवलं, की ते पहिल्यापासून आपल्या पाठीशी होते. तुला खोली द्यायला नाही म्हणाले ते हेच! ढाल दगडांच्या कपाटात ठेवलीय, कारण सराव अजूनही भूगर्भशास्त्राच्या त्याच खोलीत चालतो. रेडिओवर गाऊन झालं, आणखी दोन बोलावणी आलीत. पोरींचे पाय जमिनीवर नाहीत. मी मात्र दमलेय ताई. जिने चढून दमते, आणि आनंदी चेहरा करून त्याहून जास्त.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडलीस, ते बरोबरच आहे. ‘जिंकलीस म्हणून भाव खातेस काय’ हा मेसेज वाचला. त्याच्या खालचाही वाचला. स्पर्धेच्या रेकॉर्डिंगमधला, तिसऱ्या गाण्यातला शेवटचा खालचा सूर तू तुमच्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना ऐकवलास, चष्मा घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला मधेच थांबवून. ‘हा माझ्या बहिणीचा आवाज, हजारात ओळखीन.’ यावर उत्तर म्हणून मोबाइलवर किती वेळा काय काय लिहिलं आणि पुसलं. शेवटी ‘बरी आहे’ एवढंच पाठवलं.

ताई, तो आवाज माझा नाही. त्या दिवशी मी गायलेच नाही.

थंडी सुरू झाल्यापासून घसा बसत होता. गरम पाणी पीत राहिले, पोरींना सर्दी आहे म्हणून सांगत राहिले. स्पर्धेच्या सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. तेव्हाही कुणाला बोलले नाही. स्टेजच्या बाजूला उभ्या असताना तळहातावर पेनानं ‘आवाज गेला’ लिहून चिमणीला दाखवलं. खालच्या ओळीत माझ्याशेजारी उभी राहते ती. एवढीशी पोर, आणि आवाज पार तळातला, म्हणून पोरींनी हे नाव ठेवलं.

तिनं वाचलं आणि म्हणाली, “मग? सूर द्यायची शिट्टी आहे ना तुझ्याकडे? सूर दे, श्वासाची खूण दे, आणि नुसते ओठ हलव. बाकीचं मी बघते.”

तुझाच नियम आठव. शेजारणीनं श्वास घेतला की आपण सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो कुठेच तुटलेला कळत नाही. खालच्या ओळीत आम्ही दोघीच. तो शेवटचा लांबलचक सूर तिला एकटीला धरावा लागला आणि मधे श्वास घ्यायला जागाच नव्हती, कारण तिथे मी असायला हवी होते. तिचं कोपर माझ्या कोपराला लागून थरथरत होतं. टाळ्या सुरू असतानाच ती आत जाऊन पायरीवर डोकं धरून बसली. ओठ पांढरेफटक.

“पुन्हा असलं करायला लावलंस ना, तर बघ,” म्हणाली आणि पाणी मागितलं.

तरी तू अगदीच चुकली नाहीस. शेवटचा सूर जरासा खालून येऊन पकडायची माझी खोड, जिच्यावरून तू मला ओरडायचीस, ती चिमणीनं उचललीय. रेकॉर्डिंग ऐकताना मीही दचकले. आधी बरं वाटलं. मग तिचा इतका हेवा वाटला की मी हेडफोन काढून ठेवला. जिनं मला सांभाळून घेतलं तिचाच हेवा! पोरींना सांगितलं तर शेण घालतील तोंडात.

स्वरयंत्रावर गाठ आहे. डॉक्टर म्हणतात वाईटातली वाटत नाही, पण काढावीच लागेल. तोवर अक्षरही बोलायचं नाही. मी कागदावर लिहून विचारलं, ‘पुन्हा गाता येईल?’ त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बोलता नक्की येईल.”

तेव्हापासून पाटी घेऊन हिंडते. गंमत म्हणजे मला बोलता येत नाही कळलं, की लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात. कॅन्टीनच्या काकू तर हातवारे करून चहा विचारतात. चिमणी हसते, मला हसायलाही बंदी.

आईला अजून कळवलं नाही. तूच सांग, तिला न घाबरवता सांगणं तुलाच जमतं. ऑपरेशन येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी आहे. मला भीती वाटतेय ताई. गाठीची तेवढी नाही. उठल्यावर घशातून जे काही निघेल, ते माझं असेल की नाही याची.

फोन करू नकोस. ये.

भूल देण्याआधी नाव विचारतात म्हणे, तेवढं बोललं तरी चालतं. या उरल्यासुरल्या आवाजातलं माझं एवढंच बोलणं शिल्लक आहे, आणि ते मला नर्सला माझं नाव सांगण्यात घालवायचं नाही. नाव तर त्यांच्या कागदावर असतंच. तू दाराशी उभी राहा. मी तुला हाक मारेन.

तुझीच,
धाकटी