खर्जाची शिकवणी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आणि तो कुरकुरला की तीही कुरकुरते, पण त्यात नवीन काही नाही. बातमी वेगळीच आहे. तुझा बाप बेस गिटार शिकतोय. आधी पोटभर हसून घे, मग पुढे वाच. तुझी आई पहिल्या दिवशी इतकी हसली की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. "लोक रिटायर झाल्यावर कुंड्या लावतात हो," म्हणाली, "आणि तुम्ही हे एवढं धूड गळ्यात बांधून आलात!" धूड मात्र खरंच आहे. साधी गिटार त्याच्यापुढे खेळणं वाटते. चारच तारा, पण एकेक तार अशी जाड की लिफ्टला लावावी.

आपल्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायला आली आहे. दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी कुठल्याशा हॉटेलात बँडमध्ये हेच धूड वाजवते. मी जेवणाच्या टेबलावर कोपर टेकून पेपर वाचत बसतो ना, तसा बसलो होतो, आणि एकदम कोपरातून काहीतरी वर चढलं. कानात यायच्या आधी हाडात आलं म्हण ना. खोल, गोल, सावकाश चालणारा आवाज. एखादा जाडजूड माणूस मऊ चपला घालून जिना उतरतोय असा. आई म्हणाली, "झाली वरची सुरू," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी मात्र तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर मी पेपर धरून बसायचो आणि एक ओळही वाचायचो नाही. शेवटी चपला घालून वर गेलो. तिने दार उघडलं ते माफी मागतच, "सॉरी काका, आवाज कमी करते." मी म्हटलं, "कमी नको, मला शिकवशील का?" बिचारीला वाटलं मी टोमणा मारतोय.

आता हे खूळ का शिरलं ते सांगायला हवं. गेली दोन-तीन वर्षं जगाच्या कडा झिजत चालल्यासारखं मला वाटत होतं. लोक पुटपुटायला लागले होते. बातम्या देणाऱ्या बायका तोंडात काहीतरी ठेवून बोलत होत्या. आपला मायक्रोवेव्ह वाजायचा बंद झाला म्हणून मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबलं आणि हळूच म्हणाला, "वाजतोय की, काका." तुझ्या आईने तेव्हा छताकडे बघितलं. पुढे एकदा तिने मला सातला दवाखान्यात यायला सांगितलं आणि मी आठला पोचलो, कारण मला 'सात'मधला 'स'च ऐकू येत नव्हता. तासभर... तास कसला, युगभर ती बाकावर बसली होती म्हणे. त्यानंतर ती मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

तिथे एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, चाचणी संपली. काचेतून बघतो तर तपासणाऱ्या बाई तिकडे अजून आवाज सोडतच होत्या. नंतर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे रस्ता अगदी सपाट, उजवीकडे घसरगुंडी. खालचे सूर शाबूत, वरचे गेले. सगळं आयुष्य छपाईच्या मशीनशेजारी काढलं, त्याने आपला हिशेब असा चुकता केला. बाई म्हणाल्या, यंत्र लावा. मी म्हटलं, बघू. तुला माहीत आहे माझं 'बघू' म्हणजे काय असतं. कानात यंत्र घातलेला माणूस दिसला की लोक त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात, ते मला नको होतं. फोनचं तर विचारूच नकोस, ते शेवटी लिहितो.

तर अशा माणसाला छतातून तो आवाज आला. एक कणही न गळता, पुरता. मला किती बरं वाटलं हे तुला कसं सांगू. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्याशी न पुटपुटता बोललं.

माझी मास्तरीण कडक आहे. तिने मला आधी टिकटिक करणारं यंत्र लावून दिलं, मी आपला मख्ख बसलेला. "काका, सुरू करा ना!" "तू ते लावशील तर करू ना." तिच्या लक्षात आलं. ती टिकटिक माझ्या घसरगुंडीवरून खाली गेली होती. तिने यंत्र बंद केलं आणि पायाने जमिनीवर ठेका धरला. तो मला तळपायातून कळला. तेव्हापासून आम्ही दोघं अनवाणी शिकतो. तिने ना सहानुभूती दाखवली, ना आवाज चढवला. फक्त चपला काढल्या.

पहिले काही दिवस बोटांना फोड आले. मग ते कडक झाले. आता मी टेबलावर बोटं वाजवली की आई म्हणते नखं कापा, आणि मी अभिमानाने सांगतो की हे नख नाही, कातडं आहे. पहिलं सप्तक बसायला मात्र फार वेळ लागला. मधल्या बोटाने सुरुवात, मग करंगळी. पुढच्या तारेवर पहिलं, मधलं, करंगळी. त्याच्या पुढच्या तारेवर पहिलं, तिसरं, करंगळी, की पोचलो वरच्या सा वर. ऐकायला सोपं आहे. पण माझी करंगळी जन्मात कधी कामाला लागली नव्हती, ती प्रत्येक वेळी घरजावयासारखी बाजूला उभी राहायची. दांडीवर आडव्या पट्ट्यांमधे घरं असतात, ती मोजायची अशी: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. मी ते जुन्या फोन नंबरासारखं पाठ केलं. भाजी निवडतानाही पुटपुटायचो. आई म्हणायची, "कुणाचा नंबर आहे एवढा जिवाचा?"

खरी गंमत पुढे आहे. शाळेत आपल्याला सा रे ग म शिकवलं तेव्हा मला वाटायचं की सा म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. तर नाही. ही म्हणाली, "आता हाच आकार उचलून दोन घरं वर ठेवा." ठेवला. तीच बोटं, तोच क्रम, आणि तेच गाणं, फक्त दुसऱ्या जागेवरून. "सा कुठेही ठेवता येतो काका. एकदा ठरवला की बाकीचे आपोआप त्याच्याकडे बघून बसतात." मी त्या संध्याकाळी घरामागून घर सा हलवत बसलो होतो, लहान मूल स्टूल ओढत घरभर फिरतं तसा.

मग तिने 'ग'चं सांगितलं. सा आणि प दोघे भले, ते कुणाची बाजू घेत नाहीत. मधला ग एक घर खाली सरकला की सगळ्याचा चेहरा उतरतो, वर आला की खुलतो. एका घराचा फरक! तिने पेटीसारख्या कीबोर्डवर तीन सूर एकदम धरले आणि मला म्हणाली, "आता तुम्ही खाली आधी सा लावा." लावला. छान, हसरं वाटलं. "आता त्याच्याऐवजी खालचा ध लावा." तिने तिकडे बोट हलवलं नव्हतं, तेच तीन सूर होते, पण खोलीत एकदम संध्याकाळ झाली. मी विचारलं, "काय केलंस?" ती म्हणाली, "मी काहीच नाही. तुम्ही केलंत. खालचा माणूस हलला की वरच्यांचा अर्थ बदलतो." भिंगरी, घरातही असंच असतं का गं?

आता थोडं अवघड आहे ते लिहितो. एकदा मास्तरीण खाली आली होती, मी घरी सराव करत होतो, आई स्वयंपाकघरात होती. सावकाश चार सूर फिरवत होतो, सा, ध, म, प, पुन्हा सा. थांबलो तर मास्तरीण दाराला टेकून डोळे पुसत होती. मला वाटलं, वा, एवढं चांगलं वाजवलं! ती म्हणाली, "काकू किती छान गातात हो. तुम्ही सांगितलं नाहीत कधी." मी विचारलं, "कधी गायली?" ती म्हणाली, "आत्ता. तुमच्याबरोबर." मी स्वयंपाकघरात गेलो. आई पाठमोरी, कणीक मळत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "रोजच गुणगुणते की मी. तुम्ही वाजवायला लागल्यापासून. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही तेच तेच वाजवता." किती दिवस ती माझ्या सुरांवर गात होती आणि मी एकटाच वाजवत होतो. मास्तरीण जाताना चपला घालत म्हणाली, "काका, रागावू नका, पण बेस वाजवणं म्हणजे अर्धं वाजवणं आणि अर्धं दुसऱ्यांचं ऐकणं. अर्धं तुम्हाला जमलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून त्या कानाच्या बाईंकडे गेलो. कुणी हाताला धरून नेलं नाही. यंत्र बसून आता तीन आठवडे झाले. सुरुवातीला सगळं जग पत्र्याचं झालं होतं. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचो, नळ म्हणजे तर धबधबा. बाई म्हणाल्या, मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, रोज थोडं थोडं, ओळखीच्या आवाजापासून सुरू करा. म्हणजे इथेही सरावच. मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली. आईचा आवाज माझ्या आठवणीतल्यापेक्षा बारीक झालाय गं. वरच्या सुरावर जरा कापतो. मधली वर्षं मी हजर नव्हतो, त्यात तो कापायला लागला. ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, "काय बघताय?" मी म्हटलं, "बघत नाही, ऐकतोय." मग ती पाठ फिरवून गायली, पण गायली.

आता फोनचं. यंत्र लावूनही फोनवर मला अजून धड कळत नाही, आवाज तुटक येतो. बाई म्हणतात, त्याला वेळ लागेल. आणि यंत्राआधी तर काहीच कळत नव्हतं. तुझा आवाज तुझ्या आजीवर गेलाय, वरच्या पट्टीतला. तो सगळ्यात आधी गेला. म्हणून मी "थांब हं, आईला देतो" म्हणायचो. नोकरी सोडून एवढ्या लांब गेलीस त्याचा राग म्हणून नाही. तो राग तुझी गाडी स्टेशनातून बाहेर पडायच्या आत संपला होता, फक्त मी ते बोललो नाही. आणि वसंतात एका दुपारी तुझा फोन आला होता, आई बाजारात गेली होती. तू बराच वेळ बोललीस. मला शब्द लागत नव्हते, नुसता लांबून वारा यावा तसं ऐकू येत होतं. पुन्हा सांग, म्हणायची लाज वाटली. तू थांबलीस तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "वा, छान झालं! मजा कर." मग फोन बंद झाला. मला वाटलं, लाइन गेली. परवा आईने सांगितलं की तेव्हापासून तू माझ्याबद्दल विचारत नाहीस. तिने खोदून विचारलं तर म्हणालीस, "बाबांना सगळं सांगितलं होतं, त्यांना छान वाटलं म्हणे." एवढंच बोललीस आणि रडलीस. काय सांगितलं होतंस ते तिलाही सांगितलं नाहीस, आणि मी तिला ते काढून घ्यायला लावलं नाही. ते तू मला सांगितलं होतंस. भिंगरी, मला एक शब्दही ऐकू आला नव्हता गं. ते पुन्हा सांग. कागदावर लिही, नाहीतर ये आणि समोर बसून सांग, हळू, माझ्याकडे तोंड करून. पहिल्यापासून सांग. या वेळी मी मधे काही बोलणार नाही.

तुझाच,
बाबा