लाल म्हणजे धोका

३ तारीख, सकाळी ७.१०
विचारमंडळाचे इतिवृत्त आले. गेल्या ऑनलाइन बैठकीत माझे व्याख्यान चालू असता लॅपटॉप बंद पडला. ती संधी साधून आमचे व्याही (निवृत्त इंजिनियर, सूनबाईंचे वडील आणि दुर्दैवाने मंडळाचे सभासद) उद्गारले, 'वक्त्याची बॅटरी आणि मुद्दे एकाच वेळी संपले.' चिटणीसबाईंनी वाक्य जसेच्या तसे नोंदवले आहे. पुढे कंसात: 'हशा'.
छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. सूड हा शब्द मी वापरत नाही. मी 'परिमार्जन' म्हणतो.

४ तारीख
चिटणीसबाईंना पत्र. वाक्य वगळण्याचा ठराव १७ तारखेला. तत्पूर्वी मला पंचवीस मिनिटे. विषय: 'व्यत्यासदोष'. पाऊस पडला की रस्ता ओला होतो. यावरून रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊसच पडला, असे मानणाऱ्याचा दोष. असे लोक इंजिनियरही होतात. नाव घेणार नाही. फक्त त्यांच्याकडे रोखून पाहीन. सौ. म्हणते, अहो, व्हिडिओवर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही. त्यांना कळेल.

५ तारीख
सूनबाईंनी स्क्रीनच्या माथ्यावर एक पट्टी बसवून दिली. चार चौकटी: तापमान, मेमरी, डिस्क, बॅटरी. प्रत्येकीची धोक्याची मर्यादा ठरलेली. धोका असेल तर चौकट लाल, नसेल तर हिरवी. मर्यादा एका साध्या फाइलीत लिहिलेल्या असतात, असे ती सहज बोलून गेली.

६ तारीख
फाइल वाचली. घोर विसंगती. तापमान ८० हून अधिक, मेमरी ८५ हून अधिक, डिस्क ९० हून अधिक झाली की लाल. बॅटरी मात्र २० हून कमी झाली की लाल! तिघींना एक न्याय, चौथीला दुसरा. वर सूनबाईंची टीप: 'बाबा, बॅटरीचं चिन्ह उलटंच असतं, हात लावू नका प्लीज.' 'उलटंच असतं' हे कारण नव्हे, हट्ट आहे. बापाचे वळण. चिन्ह सरळ केले: चौघींनाही 'हून अधिक'. टीप पुसली. टक्क्यांचे आकडेही काढले. विवेकी माणसाला रंग पुरे.

७ तारीख
बॅटरीची चौकट तत्काळ लाल. म्हणजे दोष होताच, आजवर झाकलेला होता. सौ. म्हणाली, लाल झालं की चार्जर लावतात ना? लावलेलाच आहे, हे मी बोटाने दाखवले. निष्कर्ष उघड: चार्जर हेच मूळ.

८ तारीख
चार्जर काढला. दोन तासांनी चौकट हिरवी. सिद्ध.
दुपारी लॅपटॉप निपचित. चार्जर लावताच शुद्धीवर आला. चौकट लाल होताच काढून घेतला. अतिआहार वाईट.

११ तारीख
सूनबाई कामानिमित्त परगावी. फोनवर विचारले, बाबा, पट्टी हिरवी आहे ना? चारही चौकटी, असे मी सांगितले. मग झालं, बिनधास्त बोला, म्हणाली. प्रत्यक्ष कन्येचा आशीर्वाद. व्याह्यांची दया आली. क्षणभरच.

१४ तारीख
भाषण पाठ. समारोप: 'म्हणून, सभासदहो...' सौ.ला ऐकवले. म्हणाली, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच जेवायला जायचंय, जरा जपून. मी जेवेन. ते जेवू शकतील का, हा प्रश्न आहे.

१७ तारीख, सकाळी ९.५०
चारही चौकटी हिरव्या. मोहच नको म्हणून चार्जर कपाटात, कपाटाला कुलूप.

त्याच दिवशी, दुपारी १२
तेराव्या मिनिटाला स्क्रीनवर एक आगंतुक सूचना उगवली. न वाचता बंद केली. विसाव्या मिनिटाला व्याही मध्येच बोलले, व्याहीबुवा, चेहऱ्यावरचा उजेड गेला तुमच्या, बॅटरी उतरली वाटतं, चार्जर लावा आधी. देवानेच दिलेले उदाहरण! मी सभेला म्हणालो, पाहा, बॅटरी उतरली की उजेड मंदावतो. पण उजेड मंदावला म्हणजे बॅटरीच उतरली, असे होत नाही. हाच तो दोष आणि हेच ते गृहस्थ. (नाव घ्यायचे नव्हते. घेतलेही नाही.) म्हणून, सभासदहो...
काळोख.
कपाटाची किल्ली पाऊण तासाने चष्म्याच्या घरात सापडली. तोवर बैठक संपली होती.

१८ तारीख
सूनबाई परतली. फाइल पाहिली. चिन्ह फिरवले, टीप पुन्हा लिहिली. मग आत जाऊन बराच वेळ खोकत होती. तो खोकला नव्हता, असे सौ. म्हणते.

१९ तारीख
इतिवृत्त आले. वाक्य वगळण्याचा ठराव फेटाळला. त्याऐवजी एका शब्दाची दुरुस्ती मंजूर: 'वक्त्याची बॅटरी आणि मुद्दे पुन्हा एकाच वेळी संपले.' शब्दाची जागा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.
दुरुस्तीच्या बाजूने अकरा, विरोधात एक. तो एक कोण, हे सौ.ने चिटणीसबाईंना फोन करून विचारले.
व्याही.