विहाराचा चढ

हट्टा, ४ जानेवारी

चि. भीमराजास, राणीताईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आलेख दाखवता येत न्हाई, म्हणून कागद धाडून राहिले. अडतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, तर गल्लीतल्या बाया हसतात. हसू दे. पण रेषेचा चढ अडला. वर किती गेलो, त्याला आडवं किती गेलो त्यानं भागायचं, इथवर कळलं. जवळचे दोन बिंदू घेतले, उत्तर तीन छेद चार. लांबचे घेतले, तरी तेच. असं काहून?

दुसरं, विहाराला पायऱ्यांशेजारी रॅम्प झाला. बाबांना चाकाच्या खुर्चीतून नेलं, तर दाराजवळ खुर्ची मागं घसरली. मी धरली म्हणून वाचले. लोकांदेखत म्हणाले, माझा भार झालाय तुमाला. तवापासून उंबऱ्याबाहेर येत न्हाईत.

लोभ असू दे.
ताई

हिंगोली, ९ जानेवारी

ति. ताईस सविनय जयभीम.

एवढ्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं हा प्रश्न विचारला नाही. रेषा सरळ आहे, म्हणून ती कुठंही सारखीच चढते. उत्तर बदललं, तर रेषा सरळ नाही असं समज. उभ्या आणि आडव्या अंतराच्या दोन्ही वजाबाक्या एकाच क्रमानं कर, नाहीतर चढाचा उतार होईल!

बाबांचं वाचलं. पाय गेले तरी हात दणकट आहेत त्यांचे. बारा फुटांना एक फूट चढ असेल, तर ते स्वतः चाकं फिरवत वर जातील.

माया कायम ठेव.
भीमराज

हट्टा, १६ जानेवारी

चि. भीमराजास आशीर्वाद.

उत्तर बदललं तर रेषा सरळ न्हाई, हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना. रॅम्प बांधणाऱ्या लखमा मिस्त्रीची पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली आणि रॅम्पची उंची दर तीन फुटांवर मोजली. आलेख सोबत आहे. खालच्या अठरा फुटांत अठरा इंच, बराबर. वरच्या सहा फुटांत मात्र बारा इंच! तिथं रेषा मोडलीय.

मिस्त्री आधी तडकला, वही घेऊन तू मला काम शिकवणार का म्हणाला. मग कागद बघत बसला. जागा कमी पडली म्हणून शेवटी चढ उभा घेतला, हे त्यानंच कबूल केलं. बाबांनी रेषेवरून बोट फिरवलं, मोडीपाशी थांबवलं. म्हणाले, म्हणजे मी जड नव्हतो.

आठवण ठेव.
ताई

हट्टा, ३ फेब्रुवारी

चि. भीमराजास आशीर्वाद.

मिस्त्रीनं रॅम्प सहा फूट अलीकडून सुरू करून नव्यानं भरला. काल बाबा एकटे चढले, कुणाचा हात लागू दिला न्हाई. वर पोचल्यावर घाम पुसला आणि माझी वही मागितली. फरशीचा चढ किती, विचारलं. शून्य, मी सांगितलं. मग भिंतीकडं बोट करून म्हणाले, हिचा सांग. मी मांडायला बसले, तर आडवं अंतरच न्हाई. भागू कशानं? माझी फजिती बघून बाबा किती महिन्यांनी खळखळून हसले.

उत्तर लवकर लिही. पोस्टमनची वाट माझ्यापेक्षा तेच जास्त बघून राहिले.

तुझीच,
ताई