तुझ्या सीटवर

आई, गेल्या रविवारी तुझी गाडी मी बाहेर काढली आणि तुझ्या सीटवर बसून पवनारपर्यंत नेली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला गोष्ट उलटीकडून ऐकायची सवय होती. शाळेतलं काहीही सांगायला घेतलं की तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "आधी हे सांग, रडलं कोन?" ते कळलं की मग तू निवांत ऐकायचीस. या वेळी मात्र ते शेवटी सांगणार आहे. इतकी वर्षं थांबलीस, अजून थोडी थांब.

गाडीची किल्ली अजून स्वयंपाकघरातच आहे, चहाच्या गाळणीशेजारच्या खिळ्याला. गाळण्या किती बदलल्या, किल्ली तिथेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी गाडीची किल्ली गाळणीशेजारी असते. खरं तर तेव्हा पिपरी मेघेत आपल्या ओळीत गाडीच कुणाकडे नव्हती. वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली फिकट निळी पद्मिनी तू घेतलीस, तेव्हा शेजारणी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. जिनिंग मिलमध्ये कापूस वेचणाऱ्या बाईची पोर, म्हणजे तू, कॉलेजात शिकवते हे त्यांनी पचवलं होतं. ती खिडकीतून कोपर बाहेर काढून गाडी चालवते हे जरा जड गेलं. तुला त्यातच मजा यायची. दर रविवारी आपण पवनारला जायचो, धाम नदीच्या पुलाअलीकडे गाडी लावून पेरू खायचो, आणि बिया सीटवर सांडल्या की बाबा कुरकुर करायचे, गाडी खराब होते म्हणून. "गाडी हाय ते, शोकेस नोहे," तू म्हणायचीस, आणि मुद्दाम आणखी एक पेरू फोडायचीस.

मी मागे बसायचे, डाव्या कोपऱ्यात. बाहेरचं दिसावं म्हणून तू माझ्यासाठी जुन्या सुती साडीची जाड उशी शिवली होतीस. तिथे सीटची शिवण एका जागी सैल होती आणि ती नखाने उसवत जाणं हा माझा प्रवासातला धंदा. एकदा सेलूच्या रस्त्यावर, समोर बैलगाडी, बाजूने एसटी, आणि तू मान न वळवता म्हणालीस, "ते शिवण काऊन उसवून राह्यली वो?" मी दचकले. पुढे किती दिवस मी तुझे केस विंचरताना मागे कुठे डोळे आहेत का ते बघत होते. तुला ते कळलं नसेल. किंवा कळलंही असेल, तुझं काही सांगता येत नाही.

मग तो ताप आला. तू स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेलीस, कडुनिंबाखाली नीट लावलीस, काच वर केलीस. तिथून तू आलीस ती ॲम्ब्युलन्समधून. गाडी आणायला बाबांच्या तहसिलीतला एक ड्रायव्हर तयार होता, पण बाबा दारासमोर उभे राहिले. "तिच्या सीटवर कोनी बसनार नाई." कुणाचं काही चाललं नाही. शेवटी तुझ्या मयतीला आलेली माणसंच दवाखान्यापासून घरापर्यंत गाडी ढकलत आली. बाबा खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरून बाजूने चालत होते, उतार आला की सगळे मागे ओढत होते. मी फाटकात उभी आहे. रिकामी गाडी माणसांच्या घोळक्यातून माझ्याकडे येते आहे, आवाज नाही, आणि चालवायला कोणीच नाही. हे मी अजून स्वप्नात बघते. स्वप्नात ती फाटकाशी थांबत नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही. बाबांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, वरून ताडपत्री घातली, आणि दर रविवारी सकाळी ताडपत्री काढून बाहेर उभ्याउभ्याच, खिडकीतून हात घालून, चोक ओढून इंजिन सुरू करायचे. थोडा वेळ चालू द्यायचे, आतलं सगळं फडक्याने पुसायचे, आणि बंद. सीटला टेकायचेसुद्धा नाहीत. सुरुवातीला मी आवाज ऐकून धावत यायचे. इंजिन चालू, तुझी सीट रिकामी, खिडकीशी बाबा वाकलेले. पुढे धावणं बंद झालं, पण कान तिकडेच लागलेले असायचे. लग्न होऊन गेले, नोकरी केली, परत वर्ध्यात आले, तुझ्या वयाच्या पुढे गेले. रविवारी शेजारी कुणी स्कूटर सुरू केली तरी माझा हात थांबतो. आपल्या घरात कधी देव्हारा नव्हता. तू तर आरतीचं ताट फाटकाशी आलं तरी हसून हात जोडायचीस आणि परत पाठवायचीस. त्याच घरात एका गाडीची अशी रविवारची सेवा चालली, आणि त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

यंदा बाबांचे गुडघे गेले. वाकून खिडकीत हात घालणं जमेना. मला म्हणाले, "तू चालू करत जाजो रविवारी." मी किल्ली घेतली, अंगणात गेले, त्यांच्यासारखीच वाकले, आणि मला एकदम संताप आला. मी म्हटलं, बाबा, मी असं नाही करणार. करायचंच तर आत बसून करीन, आणि बाहेर काढीन. ते काठी आपटत म्हणाले, "तिथं ते बसली होती." मी म्हटलं, "ती चालवायला बसली होती, बाबा. तुम्ही तिला तिथं कोंडून ठेवलंय." बोलू नये ते मी बोलले. ते आत गेले आणि जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेकॅनिकले बोलाव."

मेकॅनिक आला, टायर, ब्रेक, पेट्रोलची नळी सगळं नवीन घालून गेला. इंजिन बाबांमुळे ठणठणीत होतं. पण पुढच्या डाव्या बाजूचा पत्रा, बाबा जिथे पाय ठेवून बसायचे तिथला, गंजून पार गेला होता. ताडपत्रीखाली दर पावसाळ्यात ओल साठत गेली आणि वरून पुसलेली गाडी खालून कुजत गेली. त्या भोकातून अंगणातली माती दिसत होती. बाबा बराच वेळ ती माती बघत उभे राहिले.

रविवारी मी तुझ्या सीटवर बसले. पुढे-मागे करावी लागली नाही, माझी उंची तुझ्याएवढीच झाली आहे. क्लचवर पाय बरोबर पोचला. मग मी मधल्या आरशात पाहिलं. आरशात मागचा रस्ता नव्हताच. फाटक नाही, काच नाही, काही नाही. दिसत होता तो फक्त मागच्या सीटचा डावा कोपरा, आणि तिथली उसवलेली शिवण. मी बाबांना म्हटलं, पुसताना तुमच्या हाताने फिरलाय हा. ते खिडकीशी आले. "पुसला का मी परत तिथंच लावतो. मले मालूम हाय ते कुठं पाहे." मग म्हणाले, "लय भांडलो मी तिच्याशी. म्हनलं, अवो, मागून ट्रक आला त दिसन कसा तुले? त म्हने, ट्रकवाल्याले मी दिसतो ना, बस झालं. माही पोरगी मले दिसली पाह्यजे."

आई, मी त्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं. बाबाच पुढे म्हणाले, "तू फिरव आता. तुले रस्ता पाहाचा हाय." आणि काठी टेकत मागे गेले. पुढे बसायला पत्राच नव्हता, म्हणून दार उघडून ते मागे बसले, डाव्या कोपऱ्यात. "हळू घेजो," एवढंच म्हणाले. आयुष्यभर ते तुझ्या शेजारी बसले होते, त्या कोपऱ्यात पहिल्यांदाच.

मी आरशाकडे हात नेला, आणि खाली घेतला.

रस्ता आता रुंद झालाय, गाड्या सुसाट जातात. मी दाराच्या छोट्या आरशावर भागवत, कडेकडेने चालवत गेले. मधल्या आरशात बाबा होते. पहिल्यांदा ते ताठ बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. मग त्यांचं बोट त्या शिवणीवर गेलं आणि तिथेच फिरत राहिलं. पवनार जवळ आलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. माझ्याशी नाही. ते तुझ्या सीटच्या पाठीकडे बघून बोलत होते, इंजिनच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता, पण बोलणं भांडणाचं होतं, ते मी ओळखते. मध्येच थांबायचे, ऐकून घेतल्यासारखे, आणि परत बोलायचे. त्या क्षणी सीटवर कोण बसलं होतं, मी खात्रीने सांगू शकत नाही. मागे कुणीतरी केव्हाचा हॉर्न वाजवत होता.

पुलाअलीकडे गाडी थांबवली. मी मागे वळले नाही, आरशातच बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते, पुन्हा पुन्हा, कुणी बघत नाही अशा समजुतीने. तर रडलं कोण, ते हे. तू गेलीस तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर उतरताना त्यांनी विचारलं, "आरसा फिरोला होता ना?" मी हो म्हणाले.